दोनशे एकतीस, ज्येष्ठतेनुसार

माझा जन्म एक जूनचा. म्हणजे दाखल्यावरचा. खरा जन्म कधीचा ते आई सांगायची, पण तिच्या सांगण्यात ‘धाकट्या मामाला विंचू चावला त्या वर्षी, बाजरी काढणीच्या सुमारास’ असले पुरावे असल्यामुळे गुरुजींनी ते ग्राह्य धरले नाहीत. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं सहा वर्षांचं दिसतंय, सबब जन्म एक जून. हा प्रकार गुरुजींनी एकट्या माझ्याच बाबतीत केला असं नाही. आमच्या पिढीतला निम्मा नाशिक जिल्हा एक जूनला जन्मला आहे. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. तरीही आमच्या विद्यापीठाच्या टेलिफोनचं जे झालं ते झालं, आणि ते माझ्या सहीने झालं.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. चौकशी समितीचा अहवाल अजून यायचा आहे, आणि समितीचे अध्यक्ष देवाघरी जाऊन नऊ वर्षं झाली. साल नव्वदीच्या शेवटाकडचं, एवढं पुरे. मी तेव्हा उपकुलसचिव होतो. उपकुलसचिव म्हणजे ज्याच्यापर्यंत सगळी कामं येतात आणि ज्याच्यापुढे ती जात नाहीत असा माणूस.

त्याआधी विद्यापीठाचा टेलिफोन म्हणजे वत्सलाबाई. फाटकाजवळच्या कौलारू खोलीत त्यांचा बोर्ड होता. बाहेरून फोन आला की त्या विचारत, “कोण हवंय?” आणि वायर उचलून योग्य भोकात खुपसत. सव्वीस वर्षांत त्यांची वायर एकदाही चुकीच्या भोकात गेली नाही. शिवाय त्यांना सगळं माहीत असे, अगदी कुणाच्या घरचा जिना काय बोलतो इथपर्यंत. “परीक्षा नियंत्रक जेवायला गेलेत, अडीचला करा.” “कुलगुरू आहेत, पण आज करू नका.” एवढी माहिती असलेल्या बाईने कधी कुणाची गोष्ट कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. आमच्याकडच्या प्राध्यापकांकडे पाहता ही गोष्ट मला अजूनही अचाट वाटते.

मग शासनाचा निधी आला. तो मार्चअखेर खर्च झालाच पाहिजे असं पत्र आलं आणि त्यातून एक बुटकी पांढरी पेटी आली. पेटीसोबत पुण्याहून विश्वेश नावाचा इंजिनियर आला. हा मुलगा इतका नम्र होता की तो काय सांगतोय इकडे आमचं लक्षच जात नसे. त्याने समजावलं: आता मध्ये कोणी नको. बाहेरच्याने विद्यापीठाचा नंबर फिरवायचा, पेटीतून बाईचा आवाज येईल, “आपणांस हवा असलेला तीन आकडी क्रमांक दाबा,” तो दाबला की थेट साहेबांच्या टेबलावर घंटी. असे चव्वेचाळीस फोन.

“फक्त कोणाला कुठला नंबर ते सांगा, सर. इमारतीप्रमाणे देऊया का? तळमजला, पहिला मजला...”

मी हसलो. एखादं लहान मूल ‘चंद्र आणून द्या’ म्हणालं की आपण हसतो तसा. इमारतीप्रमाणे! म्हणजे तळमजल्यावरच्या कनिष्ठ लिपिकाला दोनशे दोन आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अधिष्ठात्यांना दोनशे चाळीस? असं झालं असतं तर अधिष्ठात्यांनी फोन उचललाच नसता.

“ज्येष्ठतेनुसार,” मी म्हणालो.

ज्येष्ठता यादी म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे माणसं एकमेकांना नावाने नव्हे, यादीतल्या जागेने ओळखत. कुलगुरू दोनशे एक, कुलसचिव दोनशे दोन, आणि तिथून खाली सेवेत रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे. दोनशे सात आणि दोनशे आठ यांच्यात मात्र पेच पडला. इतिहासाचे आणि भूगोलाचे विभागप्रमुख एकाच दिवशी रुजू झालेले. भूगोलवाल्यांचा रुजू होण्याचा अर्ज दुपारी बारानंतरचा निघाला. “माझी एस्टी चांदोरीला पंक्चर झाली होती!” असं ते अठ्ठावीस वर्षांनी माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले. एस्टी पंक्चर झाल्याचा दाखला आगारातून आणण्यासाठी त्यांनी एक दिवसाची किरकोळ रजा घेतली. दाखला मिळाला नाही. इतिहासाला दोनशे सात मिळाला आणि पुढे निवृत्तीपर्यंत भूगोलाने इतिहासाला नमस्कार केला नाही.

मला मिळाला दोनशे एकतीस. आणि यादीत सर्वांत शेवटी, दोनशे चव्वेचाळीस, वत्सलाबाई. त्यांचं पद रद्द झालं होतं. ‘पुढील आदेशापर्यंत’ त्यांनी त्याच कौलारू खोलीत बसावं असा आदेश होता. पुढील आदेश काढायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यांना काही सांगायला मला तोंड नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीला शेवटचा नंबर कसा, तर पद रद्द झालं की ज्येष्ठताही रद्द होते. नियम आहे तसा. त्यावर कडी म्हणजे पेटीत आवाज कुणाचा भरायचा याच्यासाठी समितीने सात बायकांचे आवाज ऐकले आणि शेवटी वत्सलाबाईंचाच भरला. त्या मुकाट्याने आल्या, एकदाच बोलल्या, आणि निघताना विश्वेशला म्हणाल्या, “या आवाजाला विचारल्यावर सांगता येईल का हो, साहेब जेवायला गेलेत म्हणून?”

विश्वेशने नम्रपणे पेटीचं झाकण लावलं.

माझ्याकडून इथवर झाली ती चूक नव्हती, परंपरा होती. चूक पुढे झाली. कुलसचिव म्हणाले, “विसपुते, उद्या एखादा निवृत्त झाला की त्याच्या नंबरचं काय? मधे भोक राहील.” मी तत्परतेने आदेशात एक ओळ घातली: ‘सेवानिवृत्तीमुळे क्रमांक रिक्त झाल्यास त्याखालील सर्व क्रमांक आपोआप वर सरकतील.’ कुलसचिवांनी ‘आपोआप’खाली कौतुकाची रेघ मारली. विश्वेशने ती ओळ दोनदा वाचली. “सर, नक्की?” मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच पेटीत तशी सोय केली.

आता घरचं सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तिथे होता.

आमची मुलगी पल्लवी शाळेत गणित शिकवते, उन्हाळ्याच्या सुट्टीतही दहावीचे जादा तास घेते. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत फोन एकच, शेजारच्या दिवाकरपंतांकडे. दिवाकरपंत पिढीजात उपाध्ये. रामकुंडावर आवाज कमावलेला. पहिला नकार आला तेव्हा त्यांनी गॅलरीतून पुकारा केला, “विसपुते! मनमाडकर नाही म्हणतायत हो! उंची!” दुसऱ्या वेळी: “येवलेकर! पत्रिका!” तिसऱ्या वेळी ते ओरडले नाहीत. सपत्नीक आले, सोफ्यावर बसले, आणि चहाही नको म्हणाले. हे जास्त वाईट होतं. जिना उतरताना पल्लवीला सगळे मजले बाजूला होऊन वाट द्यायला लागले.

चौथं स्थळ सटाण्याचं. मुलगा ओझरच्या विमान कारखान्यात. वडील नानासाहेब दुसाने, सटाण्याला सराफीचं दुकान. मुलगा पाहून गेला तेव्हा पल्लवी त्यांची गाडी वळेपर्यंत गॅलरीत उभी राहिली. आधीच्या तिघांच्या वेळी ती वह्या तपासायला बसली होती.

“घरात बोलतो,” नानासाहेब म्हणाले, “आणि एक तारखेला अकरा वाजता फोन करतो. तिथीही चांगली शे.”

त्या रात्री पल्लवी मला म्हणाली, “बाबा, एकच करा. नाही म्हणाले तर ते फक्त तुम्हाला कळू दे. मला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण जिन्याला माझ्याआधी कळायला नको.”

मी छाती पुढे काढून सांगितलं, “मध्ये कोणी नाही! थेट माझ्या टेबलावर घंटी!” आणि नानासाहेबांना चिठ्ठीवर लाल शाईने विद्यापीठाचा नंबर आणि खाली दोनशे एकतीस असं लिहून पाठवलं.

दिवाकरपंत दुखावले. “माझ्या फोनला काय धाड भरलीय?” मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. “दोन, तीन, एक. सहा. शुक्राचा आकडा. विवाहाला उत्तम. पण विसपुते, नंबर बदलू नका हं. पुढेमागे दोनशे अठरा वगैरे मिळाला तर घेऊ नका. बेरीज अकरा, अकराचे दोन. चंद्र. मन स्थिर राहत नाही.”

दोनशे अठराच त्यांना का सुचला, हे मी पुढे त्यांना पुष्कळदा विचारलं. ते फक्त वर बोट दाखवतात.

एकतीस मेला विद्यापीठात निरोपसमारंभ झाला. एक जूनला जन्मलेला माणूस एकतीस मेला निवृत्त होतो. त्या दिवशी आमच्याकडे एकूण तेरा माणसं निवृत्त झाली. तेरा शाली, तेरा नारळ, तेरा वेळा ‘ही पोकळी भरून निघणार नाही’. शेवटचं भाषण माझंच होतं. तेराही जण ज्येष्ठ, म्हणजे यादीत माझ्या वर. पोकळी त्याच संध्याकाळी पेटीने भरून काढली. आपोआप.

एक जूनला मी साडेदहालाच टेबलाशी बसलो. इस्त्रीचा सदरा. गोदावरीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, खिशात मोरेश्वराचा अंगारा दिला होता. दहा पस्तीसला घंटी वाजली. मी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला.

“नमस्कार नानासाहेब!”

“सर, टी.वाय.चा निकाल कधी?”

मी ठेवला. पुन्हा घंटी. “सर, माझा निकाल राखीव ठेवलाय, का ठेवलाय?” पुन्हा. “सर, मी सिन्नरहून बोलतोय, मी नापास कसा?” दर वेळी मला वाटे सटाणा, आणि निघे नापास. दहा पंचावन्नपर्यंत मी एकवीस विद्यार्थ्यांचं सांत्वन केलं आणि एकाला रागाच्या भरात पास करून टाकलं.

तेवढ्यात हिरामण आला. हिरामण आमचा शिपाई, पेठकडचा, वीस वर्षांचा अनुभव आणि एकदाही घाई नाही.

“सायेब, आज फोनला काय झालंय? कुनाचाच फोन कुनाला जात नाय.”

“म्हणजे?”

“मराठीच्या म्याडमकडं दिंडोरीचे बागायतदार लागून ऱ्हायलेत. द्राक्षावर भुरी पडली म्हनून. त्या सांगून ऱ्हायल्यात काय काय.”

“काय सांगताहेत?”

“धीर धरा म्हनत्यात. आनि अधिष्ठात्यांकडं वसतिगृहाची खानावळ. किती पोळ्या लाटायच्या, इचारत्यात. त्यांनी दोनशे सांगितल्या.”

मी टेबलावरची काच उचलून खालची यादी काढली. माझ्या वरची तेरा माणसं आता नव्हती. दोनशे एकतीस वजा तेरा. दोनशे अठरा. मी, विसपुते, आज चंद्राच्या आकड्यावर बसलो होतो. हा कालपर्यंत परीक्षा नियंत्रकांचा नंबर होता आणि त्यांच्या गळ्यातला हार अजून सुकला नव्हता. मग माझा दोनशे एकतीस कुठे आहे? आज जो दोनशे एकतीस, तो काल तेरा घरं खाली होता. दोनशे चव्वेचाळीस. मी बोट यादीवरून खाली नेलं. पार तळाशी. वत्सलाबाई.

घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी त्यांना फोन करायला गेलो. रिसीव्हर उचलला तर आत आधीच एक नापास होता. मग मी पळालो. प्रशासकीय इमारतीपासून फाटक अर्धा किलोमीटर आहे, आणि एक जूनला नाशिकचं ऊन कुणाचं पद पाहत नाही. उपकुलसचिव पळताना पाहून वाटेतल्या लोकांनी आपापले अर्थ काढले. भूगोलाचे माजी विभागप्रमुख सामान न्यायला आले होते. त्यांना वाटलं एस्टीचा दाखला सापडला. ते थोडं अंतर माझ्याबरोबर पळाले.

पळता पळता एकच विचार होता. ज्या बाईला मी यादीच्या तळाला टाकलं, जिचं पद माझ्या सहीने गेलं, तिच्या हातात आता माझ्या मुलीचा होकार किंवा नकार आहे. तिच्या जागी मी असतो तर? मी असतो तर रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असता. शिवाय एक चहा मागवला असता.

कौलारू खोलीत वत्सलाबाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी बोटाने ‘हळू’ अशी खूण केली आणि फोनमध्ये म्हणाल्या, “आले हो साहेब. पोचले. धाप लागलीय, एक मिनिट श्वास घेऊ द्या.”

मग हाताने बोलण्याची बाजू झाकून त्यांनी मला भराभर सांगितलं. नानासाहेबांच्या घरचा फोन चकतीचा, पेटीला त्याची भाषा कळेना. म्हणून ते एस्टी स्टँडवरच्या एसटीडी बूथवर आले होते. नंबर लावला तर टेपमधली बाई. दोनशे एकतीस दाबला, तर पुन्हा तीच बाई! “हाई टेपच शे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा वत्सलाबाई ओरडल्या, “ठेवू नका हो! मी खरी बाई आहे!”

“खरी कशावरून?” नानासाहेबांनी विचारलं.

“तुमच्यामागे कंडक्टर ‘मालेगाव, मालेगाव’ ओरडतोय. टेपला ऐकू येतं का?”

हे नानासाहेबांना पटलं. पण निरोप त्यांनी दिला नाही. “जे सांगायचं ते विसपुतेंनाच,” म्हणाले. त्यावर वत्सलाबाई म्हणाल्या, “मलाही ते ऐकायचं नाही. तुम्ही धरून ठेवा, मी साहेबांना आणवते.” आणि त्यांनी खिडकीतून वॉचमनला माझ्या इमारतीकडे पिटाळलं होतं. तो मला शोधत एका वाटेने गेला आणि मी दुसऱ्या वाटेने आलो.

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला, बाहेर गेल्या, आणि दार ओढून घेतलं.

“नमस्कार नानासाहेब,” मी म्हणालो. मला माझाच आवाज टेपसारखा वाटला.

“विसपुते, तुमचं ते इद्यापीठ लय अवघड शे,” नानासाहेब म्हणाले. “पोरगी देताय का परीक्षा घेताय?”

“चुकलं आमचं. काय ठरलं म्हणायचं?”

पलीकडे कंडक्टर मालेगावला निघून गेला.

“काय ठरणार? तुमनी पोर आमले पसंत शे. घरात सगळ्यांना. मुलगा तर त्या दिवशी गाडीतच बोलला. मी म्हटलं, तारीख दिलीय, तारखेलाच सांगू.”

मी पुढे काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक आभार मानले, बहुतेक तिथी विचारली. रिसीव्हर ठेवला आणि वत्सलाबाईंच्या खुर्चीत बसलो. समोर जुना बोर्ड होता, वायरी नीट गुंडाळलेल्या. त्यांच्यावर धूळ नव्हती. रोज कोणीतरी पुसत होतं.

त्या दुपारी कुलगुरूंनी मला बोलावलं. त्यांच्याकडे फोन बरोबर येत होते, कारण त्यांच्यावर कोणी नव्हतं. त्यामुळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सायंकाळी विश्वेश पुण्याहून परत आला आणि नम्रपणे सगळे नंबर इमारतीप्रमाणे लावून गेला. अधिष्ठात्यांना दोनशे चाळीस मिळाला. त्यांनी खरोखरच तीन महिने फोन उचलला नाही, आणि कोणाचंही काही अडलं नाही. मराठीच्या बाईंना पुढच्या हंगामात दिंडोरीहून द्राक्षांची पेटी आली. धीर धरल्याने भुरी गेली म्हणे. वत्सलाबाईंसाठी मी ‘पुढील आदेश’ काढला: ज्याला नंबर ठाऊक नाही त्याने शून्य दाबावं, शून्यावर वत्सलाबाई. महिनाभरात सगळं नाशिक शून्यच दाबायला लागलं. पेटी आपली वर बसून दिवे लुकलुकवत असे.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा वत्सलाबाई कडुनिंबाच्या सावलीत माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. सव्वीस वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं, मला कशाला विचारतील? मलाच राहवेना. पल्लवीला सांगायच्या आधी कुणाला सांगायचं नाही असा शब्द दिला होता. पण तो नकाराबद्दल होता, असं मी मनाशी नियमाचं वाचन केलं.

“वत्सलाबाई,” मी म्हणालो, “होकार आहे.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

मी दचकलो. “तुम्ही तर ऐकलं नाहीत!”

“नाहीच ऐकलं.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “पण साहेब, बूथवर मीटर पळत असताना नकार सांगायला कोणी नऊ मिनिटं फोन धरून ठेवत नाही. नकारवाले म्हणतात, नसतील तर राहू द्या.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. “आता तुम्ही निघा. अकरा सतराची बस पकडलीत तर मधल्या सुट्टीत शाळेत पोचाल. जिन्याला कळायच्या आत.”